तेल बदललं, ह्यांना कळलं नाही

माझ्यासारखी नजर शंभर वर्षांत एखाद्यालाच मिळते आणि ती मला मिळाली, ह्यात माझा काही दोष नाही. समोरच्याच्या चपला बघून तो बसने आला की चालत, हे मी सांगू शकतो. तो 'नाही' म्हणाला, तर तो खोटं बोलतोय हेही सांगू शकतो. बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर मी अठ्ठावीस वर्षं काढली. त्या काळात अकरा हजार छत्र्या, चार कवळ्या, एक टाइपरायटर आणि एकदा कुणाचे तरी सासरे माझ्या ताब्यात आले, आणि त्यांतल्या बहुतेकांचे मालक मी शोधून काढले. मालक स्वतःच खिडकीवर येऊन 'माझी छत्री' म्हणायचे, असं काही मत्सरी लोक सांगतात. निवृत्त झाल्यावर मी दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली. तिच्याखाली बायकोने खडूने लिहिलं, 'बेल दोनदा वाजवा, झोपलेले असतात'. गल्लीत मला छत्रीसाहेब म्हणतात.

एका सोमवारी सकाळी बेल दोनदा वाजली. दारात माझे साडू उभे होते. त्यांच्या चपलांवरून ते स्कूटरवर आले हे मी लगेच ताडलं. ते म्हणाले, "चालत आलो, स्कूटर बंद आहे." मी त्यांना आत घेतलं, पण मनात नोंद करून ठेवली.

साडूंचा धंदा पलंग, कपाटं, टेबलं दुकानातून लोकांच्या घरी पोचवण्याचा. सगळा डोलारा एका डिझेलच्या पिकअप गाडीवर. गाडी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी घेतलेली. दोन वर्षांपूर्वी आबा गेले. गाडी मागे राहिली, आणि गाडीबरोबर तिचा चौदा वर्षांचा जुना ड्रायव्हर राहिला. त्याला सगळे मामा म्हणतात. तो नक्की कुणाचा मामा, हे कुणी विचारलेलं नाही.

"साडूभाऊ," साडू खुर्चीत बसता बसता म्हणाले, "गाडी डिझेल पितेय."

"डिझेलच्या गाडीकडून तीच अपेक्षा असते."

"तसं नाही हो. पूर्वी टाकी भरली की सहा दिवस बघायला नको. आता चौथ्या दिवशी ठणठणाट. पुलाच्या चढावर गाडी मान टाकते. आणि धूर म्हणाल तर, परवा एकाने पांढरं कपाट मागवलं होतं, ते पोचलं तेव्हा करडं झालं होतं."

"त्याने परत पाठवलं?"

"नाही. म्हणाला, भिंतीला हाच रंग शोभतो."

मी डोळे मिटले. डोळे मिटले की मला दिसतं. "कुठेतरी पाणी मुरतंय," मी म्हणालो. "संशय कुणावर?"

साडूंनी आवाज खाली आणला. "मामावर. डिझेल काढून विकत असणार. चौदा वर्षांचा माणूस, पण काय करू? शनिवारपर्यंत काय ते सांगा. शनिवारी त्यांच्याकडून चावी घेतो."

थोडक्यात, मामाच साडूंना मामा बनवत होता. प्रकरण गंभीर होतं. मामा छप्पन्न वर्षांचा. ह्या वयात, तेही चोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला, दुसरीकडे कोण चावी देणार? एका माणसाची उरलेली भाकरी माझ्या बुद्धीवर अवलंबून होती. बायको म्हणते, हे ऐकून तिला त्या माणसाची काळजी वाटायला लागली.

तिने आतून विचारलं, "तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलता ना गाडीचे?"

"बदलतो म्हणजे काय," साडू म्हणाले, "कॅलेंडरवर नोंद असते. मामा करून आणतात, हिला सांगतात, ही लिहिते. गेल्याच महिन्यात झालंय. मामा उठसूट म्हणतात, गाडी गॅरेजला दाखवू या. मी सांगितलं, फिल्टर नुकताच बदललाय, उगाच बहाणे नकोत."

"गाडी गॅरेजला अजिबात नेऊ नका," मी बजावलं. "पुरावे नष्ट होतील."

ह्यावर बायको काहीतरी म्हणाली. तपासाशी संबंध नसल्यामुळे मी ते लिहून घेतलं नाही.

मंगळवारी मी घटनास्थळी गेलो. साडूंच्या स्वयंपाकघराला मागच्या अंगणात उघडणारं एक दार आहे, आणि गाडी त्या अंगणात उभी असते. त्या दाराला आतून कॅलेंडर टांगलेलं. ही पद्धत आबांची. गाडीचं काही केलं की ते अंगणातून आत यायचे आणि काळे हात न धुताच त्यावर लिहायचे. आबांनी इंजिनच्या ऑइलला जन्मात कधी ऑइल म्हटलं नाही. यंत्र असो की माणूस, त्यांच्या लेखी ते तेलच. त्यामुळे त्या घरात नुसतं 'तेल' म्हटलं, तर ते कढईतलं की गाडीतलं, हे बोलणारा दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे ह्यावर ठरायचं.

कॅलेंडरवर मेहुणीच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, 'फिल्टर बदलला'. सहा महिने मागे गेलो, तिथेही 'फिल्टर बदलला'. म्हणजे यंत्राला कसलीही तक्रार असण्याचं कारण नव्हतं. यंत्र निर्दोष असेल तर माणूस दोषी, हा माझ्या शास्त्राचा पहिला नियम. तेवढ्यात माझी नजर एका वेगळ्याच ओळीवर पडली आणि अंगावर काटा आला. तिथे लिहिलं होतं, 'तेल बदललं. ह्यांना कळलं नाही.'

'ह्यांना' म्हणजे आदरार्थी. मामाला मेहुणी 'मामा' म्हणते, दूधवाल्याला 'अरे' म्हणते. उरले साडू. म्हणजे तेल बदललं गेलं आणि साडूंना ते कळू दिलं गेलं नाही! घरातच कट शिजत होता. त्या क्षणी मी मेहुणीला संशयित ठरवलं.

"भावोजी, चहा ठेवू?" संशयिताने विचारलं.

"आधी तुम्ही प्या," मी सावधपणे म्हणालो.

घरी आल्यावर बायकोला ही बातमी दिली. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या बहिणीवर संशय घ्या, खुशाल घ्या. पण शनिवारी दुपारचं जेवण तिच्याकडे आहे, तेवढं लक्षात ठेवा." मी सर्व बाजूंनी विचार केला आणि मेहुणीला निर्दोष सोडलं.

बुधवारी मी गाडीचं बॉनेट उघडलं. आत बरंच काही होतं. एका पाइपला तारेने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला दिसला. त्यावर आकडा होता, ८७४००. मी श्वास रोखला. हा सांकेतिक आकडा होता! फोन नंबर असावा म्हणून मी तो फिरवून पाहिला. लागला नाही. पुढे एक शून्य लावलं, मागे दोन लावली. एका अनोळखी बाईंनी फोन उचलला आणि मी 'माल कुठे आहे?' असं विचारताच त्यांनी माझ्या आईवडिलांची चौकशी केली.

मग मला प्रतिस्पर्धी आठवला. पुलापलीकडे आणखी एक जण कपाटं पोचवायचा धंदा करतो. त्याने टाकीत साखर टाकली नसेल कशावरून? मी टाकीचं झाकण उघडलं, काडी बुडवली आणि डिझेलचा एक थेंब जिभेवर ठेवला. गोड नव्हता. पुढचे दोन दिवस मला कशाचीच चव कळली नाही, त्यामुळे ह्या पुराव्यावर कितपत भर द्यावा हे मी न्यायालयावर सोडतो.

सगळे धागे तुटले आणि फिरून एकच माणूस उरला. गुरुवारी सकाळपासून मी मामाचा पाठलाग सुरू केला. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात मफलर, खाली माझी स्कूटर. डोळ्यांत तेल घालून मी गाडीच्या मागे होतो. अडचण एवढीच होती, की गाडीचा धूरही माझ्या पुढे होता. पहिल्या चढाला गाडी दिसेनाशी झाली, दुसऱ्या चढाला मी स्वतःला दिसेनासा झालो. तिसऱ्या चढानंतर गाडी थांबली. मामा खाली उतरला आणि एक ओला फडका घेऊन माझ्यापाशी आला.

"साहेब, तोंड पुसा. काळं झालंय."

"आपण कोण?" मी आवाज बदलून विचारलं.

"मी मामा. तुमच्या साडूंचा ड्रायव्हर." तो फडका माझ्या हातात ठेवून परत निघाला आणि जाता जाता म्हणाला, "पुढे वळणावर खड्डा आहे. डावीकडून या."

अपराध्याला पाठलागाची इतकी सवय झालेली असते, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांचा अहवाल पाच पानांचा झाला. शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर साडूंच्या स्वयंपाकघरात मी तो वाचायला उभा राहिलो. टेबलाशी साडू, मेहुणी आणि माझी बायको बसली होती. मामाला साडूंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तो अंगणाच्या दाराशी उभा राहिला. का बोलावलंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण चावी त्याने आधीच खिशातून काढून हातात धरली होती. ती चावी तो बोटांमध्ये फिरवत होता.

मी घसा साफ केला. "गुरुवार, दहा वाजून पाच मिनिटं. निघण्यापूर्वी संशयिताने चारही चाकांना लाथ मारून पाहिली. हिंसक वृत्ती."

"हवा बघतात हो ते," बायको म्हणाली.

"अकरा चाळीस. एका म्हाताऱ्या बाईंकडे सहा खुर्च्या पोचवायच्या होत्या. हमाल आला नव्हता. संशयिताने एकेक खुर्ची स्वतः तिसऱ्या मजल्यावर नेली. सहा फेऱ्या. हे त्याच्या कामात बसत नाही. बाईंशी पूर्वीची ओळख असावी. एक वाजून दहा. संशयित झाडाखाली जेवला. अर्धा डबा एका कुत्र्याला दिला. कुत्रा साक्षीदार असल्याने ही लाच. अडीच वाजता पुलावर गाडी अडली. मागच्यांनी हॉर्न वाजवले, शिव्या दिल्या. संशयिताने कुणालाही उलट उत्तर दिलं नाही. उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, 'एवढा चढ चल बाई.' ही बाई कोण?"

साडू मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"शुक्रवार, चार वाजता. टेबलाच्या पायाला वाटेत ओरखडा गेला. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नव्हतं. संशयिताने तो स्वतः दाखवला आणि 'चूक माझी' म्हणाला. असा प्रामाणिकपणा सराईत गुन्हेगारालाच परवडतो."

इथे माझ्या बायकोने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि मेहुणीला विचारलं, "पाण्याची चव बदलली का गं?"

"फिल्टर नवा घातला ना, ताई. गेल्या महिन्यात माणूस येऊन बदलून गेला. लिहिलंय बघ कॅलेंडरवर."

"कृपया शांतता," मी म्हणालो. "पान पाचवं. निष्कर्ष. वरील पुराव्यांवरून..."

साडू ताडकन उठले. "कुठला फिल्टर?"

"पाण्याचा. स्वयंपाकघरात आणखी कुठला असतो?"

"आणि ते तेल? तेल बदललं असं लिहिलंय ते?"

मेहुणी जरा घुटमळली. "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तुमचं जेवणाचं तेल बदललं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही ताटावरून उठला असता. दोन महिने चवीने जेवताय, कळलं का तरी?"

साडू हळूच मामाकडे वळले. "मामा, गाडीचं तेल-फिल्टर तुम्ही बदलून आणता ना?"

"मी?" मामा गोंधळला. "नाही मालक. आबा होते तेव्हा ते स्वतः न्यायचे. रविवारी, मला सुट्टी असताना. त्या कामाला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पुढे म्हटलं, तुम्ही नेत असाल. गाडी बिघडली म्हणून दाखवू का विचारलं, तर तुम्हीच म्हणालात ना, फिल्टर नुकताच बदललाय म्हणून?"

साडू खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मामाची चावी ते मागणार होते, आता तिच्याकडे बघायचीही त्यांना लाज वाटत होती. मलाही वाटत होती. माझ्या हातात पाचवं पान होतं आणि ते कुठे ठेवावं हे सुचत नव्हतं.

बायको माझ्याकडे वळली. "अठ्ठावीस वर्षं लोकांच्या वस्तू सांभाळल्यात तुम्ही. त्यातली एक तरी चोरीची होती का? सगळ्या विसरलेल्याच होत्या ना?"

मी पानं घडी करून खिशात घातली. तिचं म्हणणं खरं होतं आणि ते मला अठ्ठावीस वर्षांत सुचलं नव्हतं.

आम्ही तसेच उठून गाडी गॅरेजला नेली. मामाने चालवली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, पुठ्ठ्याचा तुकडा हातात घेतला आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे आबांचं अक्षर. सत्त्याऐंशी हजार चारशेला शेवटचं तेल बदललंय. आता काटा किती?" मामाने डोकावून सांगितलं, एक लाख सव्वीस हजार. मिस्त्री कपाळाला हात लावून बसला. "अडतीस हजार सहाशे! अहो, आबा दर आठ हजाराला यायचे. दहा हजारापर्यंत चालतं, पण म्हणायचे, माझी ओझ्याची गाडी आहे, धुळीत फिरते, उतरवून होईपर्यंत इंजिन चालूच असतं, तिला आधीच तेल द्यावं."

फोन न लागण्याचं कारण मला समजलं. पण तपासाच्या त्या भागावर कुणाला काही विचारायचं नव्हतं.

मिस्त्रीने एकेक फिल्टर काढून फरशीवर मांडला. हवेचा फिल्टर झटकला, तर गॅरेजचं कुत्रं शिंकत बाहेर पळालं. "हवा जायलाच जागा नाही, मग धूर होणार नाही तर काय? चढावर दम लागणारच आणि डिझेलही जास्त जाणार. हा दर वेळी काढून बघायचा." इंजिनखालून तेल सोडलं, तर ते वाहेना. काळं, घट्ट, डांबरासारखं हळूहळू उतरलं. "आणखी दोन महिने अशीच पळवली असती, तर सगळं इंजिन उतरवावं लागलं असतं. तेलाबरोबर तेलाचा फिल्टर बदलायचाच, नाहीतर नव्या तेलात जुनी घाण. डिझेलचा फिल्टर एकाआड एक वेळी. आणि त्याच्या बुडातलं पाणी महिन्याला काढायचं." त्याने तळाचा स्क्रू सैल केला. आधी निव्वळ पाणीच आलं.

"पाणी मुरतंय हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," मी सर्वांना आठवण करून दिली.

"नेमकं किती किलोमीटर, ते गाडीच्या पुस्तकात असतं," मिस्त्री साडूंना म्हणाला. "आणि गाडी कमी पळाली तरी वर्षातून एकदा बदलायचंच. पुस्तक आहे ना घरी?"

"आबांच्या कपाटात असेल," साडू म्हणाले. मग गॅरेजच्या उंबऱ्यावर बसून ते पुठ्ठ्याचा तुकडा उलटसुलट करत राहिले. "दोन वर्षं झाली मिस्त्री. ते एवढं सगळं करत होते, आणि मला वाटत होतं गाडी आपोआप चालते."

संध्याकाळी गाडी पुलावर चढली. मागे धूर नव्हता. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून जाऊ शकला नाही, ह्याचा साडूंना लहान मुलासारखा आनंद झाला. माथ्यावर मामाने गाडी कडेला घेतली. साडू काहीतरी बोलू पाहत होते.

"मामा, मी तुमच्याबद्दल भलतंच... आज मी तुमच्याकडून..."

"चावी घेणार होतात. कळलं होतं मला." मामा समोर बघत म्हणाला. "आबा असते, तर आधी दोघांनाही ओरडले असते. मी तरी दोन वर्षांत एकदा खाली वाकून का बघितलं नाही?"

"पुस्तक उद्या काढतो. दोघं मिळून बघू."

"बघू." मामाने इंजिन चालू केलं, पण गिअर टाकला नाही. आरशात माझ्याकडे बघत त्याने विचारलं, "साहेब, तुमचा तो अहवाल... पहिली चार पानं मला मिळतील का?"

"कशाला?"

"घरी दाखवतो. चौदा वर्षं गाडी चालवतोय, पण दिवसभर मी काय करतो हे कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं."

मी पानं काढली. अप्रामाणिकपणा माझ्या पेशाला मंजूर नाही, म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं, "मामा, पाचव्या पानावर तुम्हाला चोर म्हटलंय."

"माहीत आहे," तो म्हणाला. "ते पान तुमच्याकडेच राहू द्या."